फरशी उताराची, टाकी चार फुटी: स्टँड बसवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, तळमजला, खाली शहाबादी फरशी. माशांची काचेची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, चार पायांचा. टाकी अर्धी भरून पाहिली तर उजवीकडे पाणी साधारण एक सेंटीमीटर वर चढलेलं दिसतं. रिकामा असताना स्टँड डुलत होता, मागचा उजवा पाय अधांतरी होता. पाणी भरल्यावर डुलणं थांबलं. दुकानदार म्हणतो टाकीखाली थर्माकोलचे दोन थर घाला, शेजारचे काका म्हणतात पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. यातलं काय करावं, आणि किती उतार चालतो?

भाऊ, दोन्ही करू नका. आणि बाकीचं वाचण्याआधी टाकीतलं पाणी काढून घ्या. भरलेली टाकी तशीच ठेवून पायाखाली काही ठोकायचा, किंवा पहार घालून स्टँड उचलायचा विचारही नको. एक कोपरा दोन मिलिमीटर उचलला की सगळा पीळ तळाच्या काचेत जातो, आणि काच वाकत नाही, फुटते.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट उतार नाही. "पाणी भरल्यावर डुलणं थांबलं" हे वाक्य खटकलं. बहुतेकांना ते ऐकून हायसं वाटतं. प्रत्यक्षात झालं असं की पाण्याच्या वजनाने स्टँडची चौकट मुरडली आणि अधांतरी पाय खाली टेकला. म्हणजे स्टँडने फरशीचा वाकडेपणा स्वतःत घेतला आणि वर टाकीला दिला. आता टाकीचा तळ सगळीकडून टेकलेला नाही. तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर भार जास्त आहे, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर कमी.

उतार आणि पीळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा धोकाही सारखा नाही. टाकी एका बाजूला कलली, पण तिचा तळ सपाट जागेवर पूर्ण टेकलेला असेल, तर काचेला फार काही होत नाही. हिशोब करून बघा. काचेवरचा पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. चार फुटांत 6 मिलिमीटर उतार असेल, तर खालच्या टोकाला पाण्याची खोली सरासरीपेक्षा 3 मिलिमीटर जास्त. सव्वाचारशे मिलिमीटर पाण्यात तीन मिलिमीटर, म्हणजे दाब एक टक्कासुद्धा वाढत नाही. दिसायला वाईट दिसतं, काठाशी पाण्याची रेघ तिरपी जाते, रुंदीत उतार असेल तर टाकी खोलीच्या बाजूला झुकल्यासारखी वाटते. पण निव्वळ उतारामुळे टाकी फुटण्याची शक्यता कमी.

पीळ मात्र एक-दोन मिलिमीटरचाही वाईट. काच दाब भरपूर सहन करते, ताण सहन करत नाही. कापताना तिच्या कडेला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा राहिलेल्या असतात, आणि ताण कायम राहिला तर त्या चिरा हळूहळू पुढे सरकतात. ओलाव्यात तर जास्तच. म्हणून पिळलेली टाकी आठवडाभर टिकली म्हणजे टिकली, असं समजू नये. ती सहा महिन्यांनी मध्यरात्री जाऊ शकते. सिलिकॉनचा जोडही तसाच: तो लवचीक असतो, धक्का सोसतो, पण एकाच कोपऱ्यात सतत ओढ बसली की काचेवरून सुटायला लागतो.

वजन किती आहे तेही डोळ्यासमोर ठेवा. तुमच्या टाकीचं माप 9 घनफूट, म्हणजे काठोकाठ सुमारे 255 लिटर. वरचा दीड इंच रिकामा आणि खाली रेतीने अडवलेली जागा सोडली, तर 215 ते 220 लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. काच 8 मिलिमीटरची असेल तर रिकामी टाकी 40 किलोच्या थोडी वर. दोन इंच रेती आणखी 40-45 किलो. स्टँड, झाकण, फिल्टर, दगड, लाकूड मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास. चार पायांवर सारखं वाटलं तर एकेका पायावर जवळजवळ 90 किलो. एक पाय अधांतरी असला की हे वाटप बिघडतं आणि दोन पाय त्याच्या दीडपट-दुप्पट भार घेतात.

आपल्याकडे फरशी सरळ नसण्याची कारणंही समजून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. जुन्या घरात फरशी धुवायची पद्धत, म्हणून मोरीकडे किंवा दाराकडे मुद्दाम ढाळ दिलेला असतो. शंभराला एक ढाळ धरला तरी चार फुटांत 12 मिलिमीटर होतात. तुमचा एक सेंटीमीटर बहुधा त्यातलाच आहे. हा उतार स्थिर असतो, एकदा काढला की संपला. दुसरं कारण काळी माती. नागपूर परिसरात ज्या घरांखाली ती आहे, तिथे उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, आणि पावसाळ्यात फुगते. जोत्याखालचा भराव नीट दाबलेला नसला तर तळमजल्याची फरशी जागोजागी बसते, कुठे एखादी लादी उचकते. हा वाकडेपणा दर हंगामात थोडा बदलू शकतो. म्हणून तळमजल्यावर मी कायमचा डकवलेला उपाय टाळतो, पुन्हा फिरवून सरळ करता येईल असा करतो.

आता मोजणी. इथे घाई करू नका, निम्मं काम हेच आहे.

आधी जागेवरच्या फरश्या रुपयाच्या नाण्याने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज येत असेल तर ती लादी खालून सुटलेली आहे; पाय तिच्यावर येऊ देऊ नका, स्टँड चार-सहा इंच सरकवा. दोन लाद्यांच्या सांध्यावरही पाय नको.

मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप या कामाला पुरत नाही. स्पिरिट लेव्हल वापरणार असाल तर किमान दोन फुटी घ्या, आणि ती खरी आहे का ते तपासा: एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग तीच उलट टोकाने फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दुसरीकडे गेला तर लेव्हलच खोटी आहे. माझा भरवसा मात्र गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीवर आहे. एकट्याने करायचं तर स्टुलावर पाण्याने भरलेली बादली ठेवा, नळीचं एक टोक तिच्यात बुडवून बांधा, तोंडाने ओढून नळी पूर्ण भरून घ्या. आत एकही बुडबुडा नको. एक जरी राहिला तरी माप चुकतं. मासे पाळणाऱ्याकडे मिथिलीन ब्लू हे निळं औषध असतंच, त्याचे दोन-तीन थेंब बादलीत टाकले की पाण्याची रेघ ठळक दिसते. नळीचं दुसरं टोक स्टीलच्या पट्टीला दोन रबर लावून बांधा. जिथे स्टँडचा पाय येणार तिथे पट्टी उभी टेकवा. पाणी वरखाली हलेल, दहा-पंधरा सेकंदांत थांबेल. डोळा पाण्याच्या रेघेच्या उंचीवर आणा. नळीत पाणी कडेलगत किंचित वर चढलेलं असतं. दर वेळी मधला खालचा भागच वाचा. चारही जागी असं करून आकडे कागदावर लिहा.

समजा तुमचे आकडे असे आले: पुढचा डावा 612, पुढचा उजवा 621, मागचा उजवा 626, मागचा डावा 614 मिलिमीटर. आकडा मोठा म्हणजे फरशी तिथे खोल. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा. पुढचा डावा अधिक मागचा उजवा, 1238. पुढचा उजवा अधिक मागचा डावा, 1235. दोन्ही बेरजा सारख्या आल्या असत्या तर फरशी नुसती उताराची, पीळ नाही. इथे 3 मिलिमीटरचा फरक आहे, तो पीळ. न वाकणारा स्टँड तीन पायांवर टेकला तर चौथ्या पायाखाली नेमकी इतकीच फट राहील. पाचरीचं मापही याच आकड्यांत आहे. सगळ्यात उंच जागा 612 ची, तिथे काही नको. पुढच्या उजव्या पायाला 9, मागच्या उजव्याला 14, मागच्या डाव्याला 2 मिलिमीटर.

पण थांबा. हे सगळं स्टँड स्वतः सरळ आहे असं धरून चाललं आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडे वेल्डिंग थंड होताना चौकट ओढली जाते आणि एखादा पाय दोन-तीन मिलिमीटर आखूड-लांब राहतो, हे नेहमीचं आहे. तपासायला दोन दोऱ्या पुरतात. स्टँडच्या वरच्या चौकटीवर एक दोरी एका तिरप्या कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ताणा, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. मध्ये दोऱ्या एकमेकींना हलकेच टेकल्या पाहिजेत. वरची दोरी अधांतरी राहिली किंवा खालची तिला ढकलत असेल तर चौकट पिळलेली आहे. वरची दोरी खाली आणि खालची वर करून पुन्हा बघा, म्हणजे दोरीच्या जाडीने फसवणूक होत नाही. चौकटच पिळलेली निघाली तर पायाखाली पाचर घालत बसू नका. स्टँड परत न्या आणि सरळ करून घ्या. फॅब्रिकेटरचं अर्ध्या तासाचं काम आहे, हक्काने सांगा.

लोखंडी स्टँडला माझी पहिली पसंती फिरवता येणाऱ्या पायांना. पाइपच्या खालच्या तोंडाला 5-6 मिलिमीटर जाडीची पट्टी, तिला 12 मिलिमीटरचा नट वेल्ड, त्यात बोल्ट, डोकं खाली. वर आणखी एक नट लावून तो घट्ट आवळायचा, म्हणजे बोल्ट आपोआप फिरत नाही. बोल्ट इंचाच्या वर बाहेर काढू नका, त्यापुढे पाय आडवा हलायला लागतो. बोल्टच्या डोक्याखाली चार इंच बाय चार इंच लोखंडी प्लेट ठेवा. दीड इंची पाइपचं बंद तोंड साधारण साडेचौदा चौरस सेंटीमीटर. प्लेटने ते शंभराच्या वर जातं, म्हणजे फरशीवरचा दाब सातपट कमी. उघड्या तोंडाचा पाइप तर फरशीवर फक्त कडेने टेकतो, तो शहाबादीचा टवका काढतोच. प्लेट आणि बोल्ट इतवारी बाजारात लोहा ओळीत मिळतील. रेड ऑक्साइड मारून मग रंग द्या. नुसता रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

वेल्डिंग करायचं नसेल तर पाचर घाला, पण ती दबणारी, फुगणारी, कुजणारी नको. पुठ्ठा दबतो आणि ओला झाला की लगदा होतो. रबर, सायकलची ट्यूब भाराखाली महिनोन्‌महिने पसरत राहते. लाकडाची पाचर ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसते. आणि ओल येणार नाही असं नागपुरात गृहीत धरू नका. मार्च ते जून कूलर चालतो, टाकीला गळती, पाइपातून थेंब, भरताना सांडलेलं पाणी. ते सगळं ढाळाने फिरत टाकीच्या पायाशी येतं. एका घरी स्टँडच्या पायाखाली लग्नपत्रिकांची घडी होती. कूलरचं पाणी तिथे रोज मुरत गेलं, मे महिन्यात तो पाय चार मिलिमीटर खाली गेलेला आढळला आणि तळाच्या काचेला कोपऱ्यातून वीतभर चीर होती. मासे वाचले, कारण घरच्या आजींना सकाळी पायाला ओल लागली.

चांगल्या पाचरी म्हणजे स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, हायलमचे (राळेत दाबून केलेल्या टणक शीटचे) तुकडे, किंवा सुताराकडे पडलेले सनमायकाचे तुकडे. सनमायका साधारण एक मिलिमीटरची, त्यामुळे थर मोजून रचता येतात. तुकडा प्लेटइतका मोठा कापा; टोकावर टेकलेली लहान चकती चालत नाही. आणि 14 मिलिमीटरसाठी चौदा थर रचू नका. आधी 12 मिलिमीटरची एक लोखंडी प्लेट ठेवा, वरचे दोन सनमायकाने काढा. खालची शहाबादी खरबरीत असेल तर तिथे प्लास्टिकचा तुकडा अंथरून त्यावर एम-सीलचा पातळ थर आणि त्यावर प्लेट दाबा. फरशीच्या उंचसखल खड्ड्यात ते बसतं, घट्ट होतं, आणि प्लास्टिकमुळे फरशीला चिकटत नाही. भाड्याचं घर असेल तरी चिंता नको.

प्लायवूडच्या कपाटासारखा स्टँड असेल, तर चार कोपऱ्यांत पाचर घालून भागत नाही. त्याचा भार उभ्या फळ्यांच्या पूर्ण लांबीतून खाली येतो, म्हणून प्रत्येक फळीखाली आठ-दहा इंचांवर आधार हवा, नाहीतर मधली फळी वाकते. आणि प्लाय आयएस 710 चाच (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्या, खालच्या कडा रंगाने बंद करा. सहा पायांच्या लोखंडी स्टँडला आधी चार कोपरे सरळ करा, मधले दोन पाय सगळ्यात शेवटी नुसते टेकेपर्यंत उतरवा. मधला पाय आधी टेकला तर सगळा स्टँड त्याच्यावर झुलतो.

आता थर्माकोल. तो हवा, पण एकच थर, 10-12 मिलिमीटरचा, आणि सपाट तळाच्या टाकीखाली. टाकीखाली स्टँडवर अंथरलेल्या प्लायवरचा वाळूचा कण, रंगाचा थेंब, पाव-अर्धा मिलिमीटरचा खड्डा एवढंच त्याने झाकायचं. पीळ झाकायला दोन थर घातले तर जास्त भाराचा कोपरा जास्त दबतो आणि टाकी पुन्हा वाकडीच बसते, फक्त आता ते दिसत नाही. टाकीच्या खालच्या कडेला प्लास्टिकची चौकट असेल तर थर्माकोल मुळीच नको. तशा टाकीत भार चौकटीवर असतो, तळाची काच वर अधांतरी असते, आणि थर्माकोल तिला मधून वर ढकलतो. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर तर कधीच नको. जी काही दुरुस्ती, ती स्टँड आणि फरशी यांच्यामध्ये.

किती उतार चालतो? मी चार फुटी टाकीला लांबीत 3 मिलिमीटर आणि रुंदीत 1 ते दीड मिलिमीटर राहिलं तर हात लावत नाही. पीळ शून्य धरतो. परीक्षा साधी: रिकाम्या स्टँडच्या प्रत्येक पायाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघायची. ती कुठेच आत जाता कामा नये.

मग टाकी ठेवा आणि पाव भरा. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजून लिहून ठेवा. पाण्याहून खरी लेव्हल नाही. रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा मोजा. आकडे हलले नसतील तर अर्धी, पुन्हा रात्रभर, मग पूर्ण. मध्ये एखादा कोपरा मिलिमीटरभरही खचला तर पाणी पुन्हा तळाशी आणून मगच बोल्ट फिरवा. रेती आणि दगड पहिल्या मोजणीनंतर घाला, आणि मोठे दगड एका टोकाला रचू नका. भिंतीपासून तीन-चार इंच जागा सोडा. भिंतीलगत फरशी बहुधा उचललेली असते, आणि मागे हात जायला हवा.

हे वाचणारे कुणी वरच्या मजल्यावर असतील तर त्यांच्यासाठी एवढंच. भारतीय मानक आयएस 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो भार धरलेला आहे. या टाकीखाली तो सहाशेच्या वर जातो. मानकातला आकडा पूर्ण खोलीचा आहे, त्यामुळे एवढ्या एका टाकीने चांगला स्लॅब खचत नाही. पण ती भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको, आणि अधांतरी गॅलरीत तर नकोच. त्याहून मोठी टाकी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा.

राहिली तुमची सध्याची टाकी. ती पिळलेल्या अवस्थेत अर्धी भरलेली होती, तेव्हा पुन्हा वर चढवण्याआधी तपासा. अंधार करून टॉर्च तिरपा धरा आणि तळाच्या चारही कोपऱ्यांतून प्रकाश फिरवा. केसासारखी रेघ चमकली तर ती काच बदला, सिलिकॉन लावून झाकू नका. मग जोड बघा. काच आणि सिलिकॉन यांच्यामध्ये चंदेरी-पांढरट डाग दिसला तर तिथे जोड सुटलेला आहे. डाग कडेला नखाएवढा असेल तर लक्ष ठेवा. जोडाच्या निम्म्या रुंदीपर्यंत आत गेला असेल तर तो जोड कापून नव्याने भरून घ्या. त्यानंतर टाकी सरळ जागी कोरड्या वर्तमानपत्रावर भरून दोन-तीन दिवस ठेवा. थेंब गळला तरी कागदावर डाग पडतो.

टाकी लागली की कोपऱ्यांचे ते चार आकडे स्टँडला आतून चिकटवून ठेवा. तुमचा तळमजला आहे, म्हणून ऑक्टोबरात आणि पुन्हा मेअखेर तीच चार मापं घ्या. मे महिन्यात मोजायच्या दिवशी आधी टाकीत पाणी घालून रेघ मूळ जागी आणा. कूलरच्या वाऱ्याने ती रोज खाली जाते. मग आकडे जुन्यांशी जुळवा. चारही सारखेच सरकले असतील तर फक्त पाणी कमी-जास्त आहे. तिरप्या बेरजांत फरक दिसला तर पाय फिरवायची वेळ आली आहे.